जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे

निकमकाकूंना ‘या एकदा आमच्याकडे जेवायला’ असं म्हणण्याची चूक मी पहिल्याच भेटीत केली. जर्मनीत डार्मश्टाटच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन मी खाली चाललो होतो आणि त्या मुलाबरोबर वर येत होत्या. असं आपण सगळेच म्हणतो. समोरचा ‘हो हो, येऊ की’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. काकू थांबल्या. पर्समधून एक लांबट वही काढली, पेन्सिलीने तिच्यात दोन-चार फराटे ओढले आणि मला वाचून दाखवलं, “तुम्ही म्हणालात, या एकदा आमच्याकडे जेवायला. बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणालो.

“वार?”

त्या शनिवारी निकम कुटुंब आमच्याकडे जेवायला होतं.

त्यांचा मुलगा प्रशांत माझ्याच कंपनीत, आणि राहायला आमच्या वर दोन मजले. आईला त्याने तीन महिन्यांच्या व्हिसावर आणलं होतं. काकू मूळच्या नाशिकच्या. निरनिराळ्या गावच्या कोर्टांत त्यांनी तीसेक वर्षं स्टेनो म्हणून काढली होती, तीही बहुतेक फौजदारीकडे. आपल्याकडे साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश त्याचं इंग्रजी करून सांगतात आणि स्टेनो ते उतरवून घेते. शेवटी तो जबाब साक्षीदाराला पुन्हा मराठीत वाचून दाखवायचा, खाली ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ असं लिहायचं आणि त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. नोकरी संपली तरी काकूंची ही सवय गेली नव्हती. घरात सून ‘मी आलेच पाच मिनिटांत’ म्हणाली तरी ते वहीत जायचं. सून बिचारी पुढेपुढे बोलणंच कमी करायला लागली होती.

काकूंचं इंग्रजी हा इमारतीतला चर्चेचा विषय होता. “माझं इंग्लिश कोर्टाच्या पायरीपर्यंत. पायरी उतरली की संपलं,” असं त्या स्वतःच सांगत. खुनाच्या खटल्याचं आरोपपत्र त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं असतं, पण दुकानात काउंटरवरच्या मुलीने पिशवी हवी का विचारलं की त्या गंभीरपणे ‘नो ऑब्जेक्शन’ म्हणायच्या. तळमजल्यावरचे जर्मन आजोबा एकदा जिन्यात हात चोळत म्हणाले, “कोल्ड, या?” म्हणजे थंडी आहे, हो ना? काकूंनी क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, “इट इज नॉट डिस्प्युटेड.” प्रशांतची आई कुठेतरी प्राध्यापक असावी, असं ते आजोबा अजून मानतात.

आमच्या घरी त्यांचं येणं-जाणं वाढलं ते सईमुळे. सई माझी मुलगी, तेव्हा नववीत. इंग्रजीच्या पुस्तकात तिला गुन्हे, कोर्ट आणि ज्यूरीचे खटले यांवर धडा होता आणि मागे दोन पानं भरून शब्द. धड्याच्या शेवटी वर्गात लुटुपुटीचा खटला व्हायचा होता. सईकडे बचावाच्या वकिलाचं काम आलं होतं. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. काकूंना जर्मन येत नाही. पण या दोन पानांवरच्या शब्दांपुरती दोघींची भाषा एकच होती, त्यामुळे त्यांचं मस्त जमलं. आठवड्यातून तीन दुपारी काकू आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसत आणि सई शब्द म्हणत असे. काकू तिलाही अहो-जाहो करायच्या. मी एकदा म्हटलं, “काकू, लहान आहे ती, अगं म्हणा की.” त्या म्हणाल्या, “आमच्याकडे पिंजऱ्यातल्या माणसाला सगळे अरे-तुरे करायचे. मी मनात अहो म्हणायचे. आता जीभ वळत नाही.”

एकदा सईने वाक्य केलं, पोलिसांनी त्या गुन्हेगाराला कोर्टात आणलं. काकूंनी पेन्सिल खाली ठेवली.

“गुन्हेगार कोणी ठरवला?”

सई म्हणाली, “ना या, डी पोलित्साई.” म्हणजे, पोलिसांनीच की.

“पोलिसांनी ठरवला तर मग आम्ही तीस वर्षं काय गवत उपटलं? सस्पेक्ट असतो, मग अक्यूज्ड असतो. गिल्टी हा शब्द सगळ्यात शेवटी. तो कोर्टाने म्हणायचा, नाहीतर त्याने स्वतः.”

ज्यूरीचं मात्र त्यांना भारी कुतूहल. “आपल्याकडची ज्यूरी मी नोकरीला लागण्याच्या आधीच गेली,” त्या हळहळायच्या. “बारा साधी माणसं बसून ठरवणार म्हणजे गंमतच असेल. चहाला किती वेळ जात असेल.” इथे जर्मनीतही तशी ज्यूरी नाही, हे सईने सांगितल्यावर त्यांचा थोडा हिरमोड झाला.

आणि याच दिवसांत माझ्या टपालपेटीत पिवळा लिफाफा आला.

जर्मनीत राहणाऱ्याला पिवळा लिफाफा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पोस्टमन त्यावर तारीख घालून जातो आणि त्या तारखेपासून मुदत चालू होते. आत श्ट्राफबेफेल होता. म्हणजे सुनावणी न घेता कोर्टाने कागदावरच दिलेली शिक्षा. मान्य नसेल तर दोन आठवड्यांत हरकत घ्यायची, नाहीतर ती कायम. आरोप होता अपघाताच्या जागेवरून पळून जाण्याचा. दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी. दंडाचं काही नव्हतं. पण आमचे नागरिकत्वाचे अर्ज वर्षभर त्या कचेरीत पडून होते आणि आता माझ्या नावापुढे गुन्हा लागणार होता.

झालं होतं ते असं. काकू यायच्या महिनाभर आधी, सईला व्हायोलिनच्या क्लासला सोडून मी गाडी मागे घेत होतो आणि उभ्या असलेल्या एका गाडीच्या दाराला माझा बंपर घासला. वीतभर ओरखडा. गाडीत कोणी नव्हतं. समोरच्या बाल्कनीत एक म्हातारी होती, तिने माझा नंबर टिपला आणि पोलिसांना कळवला. पोलिसांचा फॉर्म आला तेव्हा मी त्यात लिहिलं की मी दहा मिनिटं थांबलो, मग नाव आणि फोन नंबर लिहून चिठ्ठी वायपरखाली ठेवली. पाऊस होता, वाऱ्याने ती उडाली असणार आणि बाल्कनीतल्या बाईंनी ती बघितली नसणार. हेच मी मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं होतं. सईलाही हेच.

लिफाफा आल्यावर मी घरात एका जागी बसेनासा झालो. कॅलेंडरवर दिवस मोजायचे, पुन्हा लिफाफ्यावरची तारीख बघायची, पुन्हा मोजायचे. ऑफिसच्या कॉलमध्ये माझं नाव घेतलं तरी मला ऐकू जायचं नाही. भाजी आणायला निघायचो आणि वकिलांचे रिव्ह्यू वाचत पार्किंगमध्येच उभा राहायचो. मृणाल म्हणाली, “अरे, बस ना जरा. तुझ्याकडे बघून मला गरगरतंय.”

शनिवारी चार घरची मंडळी पावभाजीला जमली. बारा जण नव्हते, पण ज्यूरी भरली. निकाल पाव भाजून होण्याआधीच लागला. “चिठ्ठी ठेवलीस ना? मग कसला गुन्हा?” असं एक जण म्हणाला. “आपल्याकडे कोण ठेवतं चिठ्ठी? तू ठेवलीस हेच खूप झालं,” दुसरा म्हणाला. बायकांनी त्या म्हातारीची यथेच्छ हजेरी घेतली. दिवसभर बाल्कनीत बसून लोकांच्या गाड्यांचे नंबर लिहायचे, हा काय उद्योग झाला? हरकत घे, वकील कर, कोर्टात त्या बाईला विचारू दे तुला दिसतं तरी का, असं ठरलं. मला बरं वाटत होतं. इतक्यांदा सांगून झाल्यावर ती ओली चिठ्ठी वायपरखाली फडफडताना मलाही दिसायला लागली होती.

काकू एका कोपऱ्यात मुकाट्याने जेवत होत्या. सईने त्यांना विचारलं, “आज्जी, व्हॉट इज युवर व्हर्डिक्ट?”

“स्टेनोला मत नसतं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही बोला, मी लिहिते.”

मग सईने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की शाळेतल्या खटल्यासाठी तिने पप्पाचीच केस घेतली आहे. नाव बदलून. टीचरला आवडली. माणूस प्रामाणिकपणे चिठ्ठी ठेवतो आणि तरी आरोपी होतो. ती ज्यूरीपुढे बचावाचं भाषण करणार होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी आणायला आत गेलो.

वकीलबाईंची वेळ बुधवारची मिळाली. येताना घडलेलं सगळं आठवून, क्रमाने लिहून आणा, असं त्यांच्या ऑफिसने कळवलं. मी चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो. लिहिताना हात पुढेच जाईना. मृणाल म्हणाली, “काकूंना सांग ना. जन्मभर तेच तर केलंय त्यांनी. तू मराठीत बोल, मग जर्मन करू.” मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून मी वर गेलो. प्रशांत आणि त्याची बायको कामावर होती. काकू तुर्की दुकानातली मेथी निवडत बसल्या होत्या. ताट बाजूला सारलं, हात धुतले, वही उघडली आणि वर माझं नाव लिहिलं.

“सांगा.”

मी सांगितलं. दोन मिनिटांत संपलं. त्यांची पेन्सिल माझ्या बरोबरीने थांबली. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्या वाचण्यात काहीच नव्हतं, चढ नाही की उतार नाही. रेल्वेच्या चौकशी खिडकीवर वेळापत्रक सांगतात तसं. “मी गाडी मागे घेत होतो. घासल्याचा आवाज आला. मी उतरलो. दुसऱ्या गाडीच्या दारावर ओरखडा दिसला. मी दहा मिनिटं थांबलो. एका कागदावर नाव आणि फोन नंबर लिहिला. तो वायपरखाली ठेवला. मग निघालो. बरोबर?”

“दहा नसतील,” मी म्हणालो. “पाच म्हणा.”

त्यांनी एक फराटा खोडला, दुसरा काढला. आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी गाडी मागे घेत होतो. आवाज आला. उतरलो. ओरखडा. पाच मिनिटं थांबलो. चिठ्ठी. वायपर. निघालो. “बरोबर?”

“थांबलो म्हणजे... आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं.”

“थांबलो काढू?”

“काढा.”

पुन्हा पहिल्यापासून. मला उठून जावंसं वाटत होतं. खिडकीपाशी गेलो, परत आलो. “काकू, सगळं कशाला वाचताय? बदललं तेवढंच वाचा ना.”

“तसं नाही चालत. जबाब अख्खा वाचायचा असतो.”

“तुम्हाला काय वाटतं, मी खोटं बोलतोय?”

“मला काही विचारायचं नाही आणि मला काही वाटत नाही. मी वाचते. तुम्ही बरोबर म्हणायचं किंवा नाही म्हणायचं.” आणि त्यांनी वाचलं, त्याच आवाजात, “एका कागदावर नाव आणि फोन नंबर लिहिला. तो वायपरखाली ठेवला. बरोबर?”

काकू पेन्सिल धरून बसल्या होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. शेवटी मी म्हणालो, “नाही.”

चिठ्ठी मी लिहिली होती. पेट्रोलच्या पावतीच्या मागे, गाडीच्या टपावर धरून. नाव लिहिलं, अर्धा नंबर लिहिला, आणि मला नागरिकत्वाचा अर्ज आठवला. पोलिस, विमा, चौकशी, सगळं डोळ्यांसमोर आलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी पावती दुमडली, जॅकेटच्या खिशात घातली आणि गाडी काढली. ते जॅकेट मी त्या दिवसापासून घातलं नव्हतं. थंडी असून पातळ स्वेटरवर फिरत होतो.

मला वाटलं होतं काकू काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त पान उलटलं. वर पुन्हा माझं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, “नवा जबाब. सावकाश सांगा, घाई नाही.”

तो लिहून, वाचून, बरोबर म्हणून झाल्यावर त्यांनी चहा ठेवला. आधण उकळेपर्यंत पाठमोऱ्याच बोलत होत्या. “नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट आहे. गाव नाही सांगणार. साक्षीदार म्हणाला, तो तिथून निघून गेला. साहेब मला इंग्रजीत सांगताना म्हणाले, पळून गेला. मी तेच लिहिलं. शेवटी वाचून दाखवायचं काम तिथे बेंच क्लार्कचं, पण जेवणाची सुट्टी व्हायची होती, त्याने नुसतं विचारलं, ‘सगळं बरोबर ना?’ साक्षीदाराने अंगठा दिला. मला ऐकू आलं होतं. मी नवी होते. गप्प बसले.”

“मग? निकाल काय लागला?”

“माझ्या बदलीनंतर लागला. मी विचारलं नाही.” त्यांनी चहा गाळला. “विचारायला हवं होतं.”

बुधवारी मी वकीलबाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मग पोलिसांना चिठ्ठीचं कशाला लिहिलंत? मी म्हणालो, बचाव म्हणून. त्या म्हणाल्या की या देशात चिठ्ठी ठेवून जाणं हासुद्धा गुन्हाच आहे. गाडीच्या मालकाची पुरेसा वेळ वाट बघायची, आणि तो आला नाही तर लगेच पोलिसांना कळवायचं. चिठ्ठी ठेवून निघालो असं लिहून मी अपघात कळल्याचीही कबुली दिली होती आणि निघून गेल्याचीही. पुण्यात ज्या गोष्टीबद्दल लोकांनी माझा सत्कार केला असता, ती मी खोटी रचून स्वतःच स्वतःला अडकवलं होतं.

हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “तीस वर्षांत असा आरोपी नाही पाहिला हो,” त्या म्हणाल्या. मलाही हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

हरकत घेतली नाही. शिक्षा कायम झाली. नागरिकत्वाचा अर्ज लांबला, पण फेटाळला गेला नाही.

सईला सांगणं या सगळ्यापेक्षा कठीण गेलं. ती ऐकत होती, हातात तिच्या भाषणाचे कागद. “आल्झो, डू हास्ट गेलोगन,” ती म्हणाली. म्हणजे तू खोटं बोललास. मी हो म्हणालो. “आणि मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं,” हे तिने मराठीत म्हटलं. मग उठून खोलीत गेली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला तिचा राग आला नाही, पण ते चार दिवस मला फार जड गेले. पुढच्या आठवड्यात तिची शब्दांच्या चाचणीची वही टेबलावर उघडी राहिली होती, मुद्दाम की चुकून, मला माहीत नाही. प्लीड गिल्टी या शब्दांचं वाक्य करायचं होतं. तिने लिहिलं होतं, माझ्या वडिलांनी गुन्हा कबूल केला. शेजारी टीचरची बरोबरची खूण होती. शाळेतल्या खटल्यात तिने बाजू बदलून मागितली आणि बाल्कनीतल्या साक्षीदाराचं काम केलं, हे मला काकूंकडून कळलं.

काकूंनी मला आणखी एक गोष्ट करायला लावली. “त्या बाईंनी बघितलं नसेल असं तुम्ही लिहून दिलंत. साक्षीदाराला खोटं पाडलंत. जाऊन या.” मी टाळाटाळ केली. “जाईन कधीतरी,” असं तोंडातून निघालं आणि वही बाहेर आलेली बघून मी चपला घातल्या. दोघं बसने गेलो, मला गाडीची बंदी होती. म्हातारबाईंनी दार साखळीएवढंच उघडलं. मी जर्मनमध्ये सांगितलं की तुम्ही पाहिलंत तेच खरं होतं, चिठ्ठी नव्हती, मला माफ करा. त्या म्हणाल्या की पोलिसांचा पुन्हा फोन आला होता, तुम्हाला नक्की नीट दिसलं का विचारत होते. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. मला कुठे तोंड लपवू असं झालं. काकूंना यातलं काही कळलं नव्हतं, पण त्या पुढे झाल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “मॅडम, द विटनेस इज रिलाएबल.” बाईंनी साखळी काढली.

व्हिसा संपत आला. फ्रांकफुर्टला त्यांना सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. सईने मिठी मारली, काकूंनी तिला “येते हं, तुम्ही अभ्यास करा” म्हटलं. मी गहिवरलो होतो आणि गहिवरलेला माणूस काहीही बोलतो. मी म्हणालो, “काकू, दिवाळीला आम्ही तिघंही नाशिकला तुमच्याकडे येतो. नक्की.” सामानाच्या रांगेत, एका हाताने पासपोर्ट सांभाळत त्यांनी वही काढली. लिहिलं. वाचून दाखवलं.

“दिवाळीला आम्ही तिघंही नाशिकला तुमच्याकडे येतो, नक्की. बरोबर?”

“बरोबर.”

दिवाळीत माझ्या प्रोजेक्टचं रिलीज आलं. सईची परीक्षा होती, तिकिटं महाग होती. मृणाल म्हणाली, उन्हाळ्यात जाऊ. मी काकूंना फोन करून कळवायचं ठरवलं आणि आज करू, उद्या करू यात लक्ष्मीपूजन होऊन गेलं. मग फोन करायचीच लाज वाटायला लागली. त्यांनीही कधी विचारलं नाही. प्रश्न विचारणं त्यांचं काम नव्हतं. जानेवारीत दुपारी झोपेतच त्या गेल्या. प्रशांत नाशिकला जाऊन परत आला तेव्हाही मी ऑफिसच्या खुर्चीतच होतो.

त्याने येताना त्यांची शेवटची वही आणली, सईला हवी होती म्हणून. सगळे लघुलिपीचे फराटे, आमच्यात कोणालाच वाचता येत नाहीत. पण माणसांची नावं काकू नेहमी पूर्ण अक्षरांत लिहायच्या. एका पानावर समीर, मृणाल, सई अशी आमची तिघांची नावं आहेत, पुढे एक ओळ फराट्यांची, आणि खाली नीट मराठीत लिहिलंय, वाचून दाखवला, बरोबर आहे. सहीची जागा मोकळी आहे. सईने ते पान माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “पप्पा, यात काय लिहिलंय?” मला फराटे वाचता येत नाहीत, पण दिवाळीची ती ओळ मी तिला न अडखळता वाचून दाखवली.